संकासुराचा बुरखा

जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला देवळामागच्या फणसाखाली भिवा धुरी तोंडाला रंग लावत बसला होता. धुक्यात समईची ज्योत पोहत होती. तीस वर्षं तो दशावतारात राणी होत आला होता. गावोगावी त्याचं नाव होतं.

देवस्थानाचे मानकरी दाजी परब मोबाइल नाचवत आले.

"भिवा, लोक काय लिहितात बघ. 'म्हातारी राणी, चुलीपाशी बस.' आज राणी दुसरा कोणी करील."

"लिहिणारे कोण, दाजी?"

"नावं नाहीत रे. तोंड झाकलं की माणूस खरं बोलतो."

भिवानं पेटाऱ्यातून काळा बुरखा काढला. "आमच्या नाटकातला संकासूर राक्षसही तोंड झाकतो. पण बोलतो ते समोर उभा राहून, आणि विष्णूचा मारही खातो. हा घालून कोणीही यावं, माझ्यासमोर तेच बोलावं. कोण ते कळणार नाही. कोणी बोललंच, तर मी हे लुगडं कायमचं उतरवीन. धरा, दाजी."

दाजींनी हात मागं घेतला. बुरखा साऱ्या जत्रेत हातोहात फिरला, स्वप्नातल्या ढगासारखा, आणि रिकामाच परतला.

तोवर पेटीचे सूर लागले होते, आणि राणी उजेडात उभी होती.