वीतभर अंतरावर

“मग चौथा माइक आणू का?” डॉ. नेमिनाथ आवटी यांनी विचारलं.

मांडीवर आडव्या घेतलेल्या तंबोऱ्याच्या तारा पेलणाऱ्या घोडीवरून दस्तगीरबाबांची बारीक कानस फिरत राहिली.

मिरजेतल्या त्या आळीत बाबांनी साठ वर्षं तंबोरे बोलते केले होते. दृष्टी जन्मापासूनच नव्हती. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक संस्था प्रत्येक ध्वनिमुद्रण आधी त्यांच्याकडे धाडी. बाबांनी मान डोलावली, तरच ते पुढे जाई.

आवटी सरांचं तीनदा परत आलं होतं.

पुस्तक तर्कशास्त्राचं. तीस वर्षांपूर्वी सरांनी स्वतःच लिहिलेलं. आता ते वाचून द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि निलांबरी नावाच्या एका मुलीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

सरांनी आपली बाजू मांडली. तीन माइक झाले. खोलीच्या भिंतींना वाकळा टांगल्या. पंखा बंद ठेवून घामाघूम होत वाचलं. तरी आवाज क्षीणच, म्हणून यंत्राचं बटण शेवटपर्यंत पिळलं. अंथरायला एखादी वाकळ तरी शिल्लक ठेवा, असं पत्नी म्हणाली होती. तेही त्यांनी सांगून टाकलं.

“शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या सुरेख आल्यात,” बाबा म्हणाले. “तिसरी तर अगदी स्वच्छ. तुम्ही मात्र विहिरीच्या तळाशी.”

सरांना ते झोंबलं. छत्तीस वर्षं त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला होता. पण राग धड वर येईना. खाली जुनी धास्ती बसली होती... दोष माइकचा नसलाच तर?

“माइक किती लांब ठेवता?”

“टेबलाच्या पलीकडच्या कडेला. दोन हात असेल.”

“का?”

सर घुटमळले. “जवळ घेतला की सगळंच उमटतं. श्वास... अडखळणं...”

बाबांनी कानस खाली ठेवली. लुंगीला हात पुसला. चाचपत सरांचा खांदा शोधला, मग हनुवटी. आणि आपला तळहात सरांच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरला.

“वाचा.”

सरांनी पुस्तक उघडलं. सुरुवातीला वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं. बाबांनी मान हलवली, एकाच माणसाला सांगताय असं वाचा म्हणाले. सरांचा आवाज खाली आला. ऊन श्वास तळहातावर पडू लागला.

बाबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. माइक इथंच ठेवायचा, त्यांनी सांगितलं. असाच बाजूला, म्हणजे फुंकर थेट बसत नाही. आणि बटण निम्म्यावर आणायचं. ते पिळलं की तुमच्याबरोबर अख्खी आळी मोठी होते.

सर वाचत राहिले. पान उलटलं. आवाज आता त्यांनाच ओळखीचा वाटत होता...

बाबांची बोटं अचानक मिटली.

“हात रिकामा झाला.”

सरांनी पाहिलं. नकळत ते पाठीमागे भिंतीपर्यंत सरकले होते.

“तिन्ही वेळा याच वाक्याला तुम्ही आणखी लांब गेलात,” बाबा म्हणाले. “कुणाचं आहे ते?”

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

“माझंच. लिहिलं तेव्हा पक्कं वाटलं होतं. आता खात्री वाटत नाही, बाबा... ती मुलगी खरं मानून पेपरात लिहील.”

बाहेर कुणीतरी नव्या तंबोऱ्याची तार छेडून पाहत होतं. तिचा नाद विरत गेला.

मग बाबांनी तळहात पुन्हा उघडला. त्याच जागी, वीतभर अंतरावर, तो वाट पाहत राहिला.

“खात्री नसेल तर नसू द्या, सर. पण तेही तिला जवळ येऊन सांगा.”