तुफानराव जुन्या संगणकावर

संगणक पत्र्याच्या ट्रंकेएवढे जाड असायचे, त्या काळची गोष्ट. एका बुद्धिबळ मंडळात दोन खेळणारे प्रोग्राम राहत होते, तुफानराव आणि सबुरीबाई. एक दिवस मंडळात दसपट वेगवान संगणक आला आणि तुफानरावांना त्यावर बसवलं. मग काय विचारता! दहाच्या दहा डाव त्यांनी मारले. जुन्याच संगणकावरच्या सबुरीबाई दरवेळी साठेक चाली झुंजल्या आणि हरल्या.

"आहे का कुणी माझ्या तोडीचं?" तुफानराव गरजले.

पटावरचं पांढरं प्यादं म्हणालं, "आमच्यात एका डावानंतर रंग बदलतात. तुम्ही संगणक बदला की!"

"बदलू! त्यात काय!"

अदलाबदल झाली, घड्याळ सुरू झालं. तुफानराव जोर लावू लागले, पण जुना संगणक नुसता घरघरला. दोन चालींपुढचं काही दिसेना! तिकडून सबुरीबाईंचे घोडे उधळले, हत्ती धावून आले आणि विसाव्या चालीलाच मात झाली.

सगळा पट आनंदाने नाचू लागला. तुफानरावांनी मात्र घरघरत्या खोक्यातून हळूच विचारलं, "सबुरीबाई, इथे बसून तुम्ही साठ चाली टिकलात तरी कशा?"