पकडल्या जाणाऱ्यांचं रक्त

रंजना काळे ही त्या तालुक्यातली पारधी समाजाची पहिली वकील. तिच्या वस्तीतल्या पोरांचं रक्त तपासायची परवानगी मागायला डॉ. सबनीस नावाचे मोठे संशोधक आले. कलेक्टरांनी बैठक बोलावली, तेव्हा रंजनाही तिथे जाऊन बसली.

डॉक्टर म्हणाले, "तुरुंगातल्या कैद्यांची जनुकं आम्ही तपासली. पारधी कैद्यांत एक खूण पुन्हा पुन्हा दिसते. तीच मुलांत सापडली, तर पुढचा गुन्हेगार लहानपणीच ओळखता येईल."

रंजनाचे वडील नुसत्या संशयावरून कित्येक वर्षं आत राहून निर्दोष सुटले होते. पण आवाज न चढवता तिने विचारलं, "डॉक्टरसाहेब, चोरी करून जे कधीच सापडले नाहीत, त्यांचं रक्त घेतलंत?"

"ते कसं घेणार? ते कोण, हे कुणाला ठाऊक?"

"आणि आत आहेत त्यांतले निर्दोष कोण, तेही ठाऊक नाही. म्हणजे गुन्हा कोण करतो हे तुम्ही तपासलंच नाही. पोलीस कुणाला धरतात, एवढंच तपासलंत. ती खूण शोधायला सुई कशाला हवी? ती आमच्या जातीच्या दाखल्यावर छापलेली आहे."

कलेक्टरांनी परवानगी नाकारली.

रंजना वस्तीवर पोचली, तेव्हा बाया तिची वाट पाहत उभ्या होत्या. दुपारी गावात घरफोडी झाली होती आणि पोलीस तिच्या धाकट्या भावाला उचलून घेऊन गेले होते. घोटभर पाणीही न पिता ती आल्या पावली ठाण्याकडे निघाली.