मुकुंदाचं शास्त्रोक्त वय

शहाण्यांनी भरलेल्या एका गावात एक भोळा गडी राहत होता. एकटाच असल्यामुळे तो लगेच ओळखू यायचा. त्याचं नाव केरू.

केरू रिसबूड मास्तरांकडे कामाला होता. मास्तर पुण्याहून नवं शास्त्र शिकून आले होते. माणसाची अक्कल मोजायचं. त्यासाठी त्यांची एक पेटी होती. पेटीत टेप, घड्याळ आणि प्रश्नांची कार्डं. पेटी उचलायचं काम केरूचं.

मास्तरांना एक मुलगा होता, मुकुंदा. त्याला सत्ताविसावं सरत आलं होतं. घोडनवरा म्हणवून घ्यायला थोडाच अवकाश होता. मुली सांगून यायच्या, पण त्याची आई, माई, एकीला ती हसते म्हणून नको म्हणाल्या आणि दुसरीला ती हसत नाही म्हणून. आता वैशाखात जमलं नाही तर पुढे कोणी मुलगी दाखवणार नव्हतं.

मास्तरांनी एकदा सांगितलं की पूर्वी विलायतेत मोठं डोकं म्हणजे मोठी अक्कल असं समजत आणि टेपने डोकी मोजत. केरू टेप घेऊन कचेरीत गेला. मामलेदारांचं डोकं त्याने आधी पगडीसकट मोजलं, मग पगडी काढून मोजलं. साहेबांची निम्मी अक्कल खुंटीला टांगलेली असते, असं त्याने गावभर सांगितलं.

मास्तर चिडले. "अरे, ते शास्त्र जुनं झालं. आता घड्याळ लावायचं आणि माणसाला किती वेळ लागतो ते बघायचं. मध्ये बोलायचं नाही, हात लावायचा नाही, मदत करायची नाही."

"बरं, मास्तर," केरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर विहिरीच्या पायरीवरून घसरून पाण्यात पडले. त्यांना पोहता येत नव्हतं. केरू घड्याळ घेऊन काठावर उभा राहिला. मास्तर ओरडत होते, पण केरू मध्ये बोलला नाही. शेवटी पाण्याला आलेल्या बायकांनी दोर टाकून त्यांना वर काढलं. केरूला फार वाईट वाटलं. परीक्षा अर्धवट राहिली होती.

मास्तर पाणी ओकत म्हणाले, "गाढवा, माणूस बघून वागत जा."

"बरं, मास्तर."

मग शाळेत परीक्षा घ्यायची होती. मास्तरांनी ते काम केरूवर सोपवलं. केरूने माणूस बघून प्रश्न विचारले. पाटलाच्या मुलाला विचारलं, तुझं नाव काय. कुंभाराच्या मुलाला विचारलं, आकाशात चांदण्या किती. पाटलाचा मुलगा पहिला आला. गावाला यात काही वावगं वाटलं नाही. मास्तरांना वाटलं, कारण शाळा तपासायला वरचे साहेब यायचे होते.

त्यांनी केरूला समोर बसवलं. "परीक्षेत माणूस बघायचा नाही. कोणाला गाळायचं नाही. खोलीत असेल त्याला तेच प्रश्न, अगदी त्याच शब्दांत. मग ताडून बघायचं. जेवढ्या वयाच्या मुलांना जेवढं येतं, तेवढंच ज्याला येतं, त्याच्या बुद्धीचं वय तेवढं."

"आणि जन्मापासूनचं वय?"

"ते वरवरचं. खरं हे."

फ्रान्समधल्या ज्या पंडिताने असे प्रश्न काढले, त्याने ते शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून काढले होते. इकडे येईपर्यंत मदत वाटेत कुठेतरी राहिली. मास्तर पेटी घेऊन मुली बघायला जाऊ लागले. नकाराला शास्त्राचा आधार मिळाला.

तालुक्याच्या तात्या मोडकांची कुमुद बघायला सगळे सर्व्हिस मोटारीने निघाले. मोटारीत नव्या कायद्याची चर्चा चालली होती. अठराच्या आतल्या मुलाचं लग्न लावलं तर लावणाऱ्याला शिक्षा. पुढच्या बाकावर कंडक्टर एका बाईशी हुज्जत घालत होता. मुलगा बाराच्या आतला असेल तरच हाफ तिकीट. केरूने दोन्ही नीट लक्षात ठेवलं.

कुमुद पाटावर येऊन बसली. माई म्हणाल्या, "मुली, घाबरू नकोस. मान वर कर. जरा चालून दाखव." पाय आहेत हे दिसतच होतं, तरी ती चालली. मग मास्तरांनी एकही कार्ड सोडलं नाही. तिने एकही उत्तर चुकवलं नाही. माई थोड्या हिरमुसल्या. नाव ठेवायला जागा उरली नव्हती. तात्यांचा जीव भांड्यात पडला.

कुमुद उठली, पाट रिकामा झाला. केरूने मुकुंदाला दंडाला धरून पाटावर बसवलं आणि कार्डं हातात घेतली.

"अरे, हे काय?" मास्तर पुटपुटले.

"मध्ये बोलायचं नाही, मास्तर. मुली, घाबरू नकोस. मान वर कर. जरा चालून दाखव."

मास्तरांनी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, "चालू द्या. शास्त्र आहे."

मुकुंदा चालला.

"बाहेर जायचंय आणि पाऊस आला. काय करशील?"

"आईला विचारीन."

"दुसऱ्याची वस्तू तुझ्या हातून फुटली. काय करशील?"

"आईला सांगीन."

"घराला आग लागली. एकाने चोर शिरू नये म्हणून आधी कुलूप लावलं. यात चुकलं काय?"

मुकुंदाने पुष्कळ विचार केला. मग म्हणाला, "किल्ली आईकडे द्यायला हवी होती."

केरूने कार्डं ताडून बघितली. "मास्तर, वय आठ. कायद्याने अजून दहा वर्षं लग्न लावता येत नाही."

दाराआडून कुमुद शांतपणे म्हणाली, "मोठे झाले की कळवा."

परत जाताना मोटारीत माई डोळे पुसत होत्या आणि मास्तर खिडकीबाहेर बघत होते. तिकिटं काढायचं केरूवर आलं.

"तीन फुल, एक हाफ," केरू म्हणाला.

"हाफ कोणाचं?" कंडक्टरने विचारलं.

केरूने मुकुंदाकडे बोट दाखवलं. कंडक्टरने त्याच्या मिशांकडे बघितलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात मुकुंदा माईंचा पदर ओढून म्हणाला, "आई, बाबांना उठव ना. मला खिडकी हवी."

कंडक्टरने मुकाट्याने हाफ तिकीट फाडलं.