खंडाचा दिवस

त्या राज्यात दोनच प्रकारचे जीव राहत, कायमचे आणि तात्पुरते. कायमचे सात होते. ते वडाच्या सावलीत बसत. बाकी सगळे तात्पुरते. त्यांना अकरा महिने काम मिळे, मग एक दिवस तटाबाहेर बसवत आणि दुसऱ्या दिवशी नवीन म्हणून आत घेत. त्या एका दिवसाला खंड म्हणत. सलग वर्ष भरले तर सावलीत जागा द्यावी लागली असती, म्हणून हा खटाटोप.

करडी नावाची मुंगशीण नऊ वर्षे अशी पुन्हा पुन्हा नवी होत आली होती. साप मारण्याचे काम कागदोपत्री मोराचे होते. तो कायमचा. आपण शेवटचा साप कधी पाहिला, हे त्याला आठवतही नव्हते. साप करडीच मारी.

त्या वर्षीच्या खंडाला ती आपल्या पिल्लांपाशी, तटाबाहेरच्या उन्हात बसली होती. तेवढ्यात एक नाग नाल्याच्या तोंडातून आत शिरताना तिला दिसला. तिथून जवळच्या ढोलीत कायमच्यांची पिल्ले झोपत. ती फाटकाकडे धावली. पहाऱ्यावरच्या अस्वलाने, तेही तात्पुरतेच, मान खाली घातली.

"करडीताई, आज तुला आत सोडता येत नाही. सोडलं तर माझं काम जाईल."

करडीने वाद घातला नाही. ती नागाच्या मागोमाग नाल्यात शिरली आणि ढोलीच्या तोंडाशी तिने त्याला गाठले. नाग मेला, पण मरताना डसून तिचा पुढचा पाय निकामी करून गेला.

तीन पायांवर ती कारभारी साळिंदराकडे औषधाची मुळी मागायला गेली. त्याने सगळे शांतपणे ऐकले. जखम झाली त्या दिवशी ती कामावर नव्हती, तेव्हा मुळी देता येणार नाही, असे त्याने सांगितले. लंगड्या मुंगशिणीला पुन्हा घेताही येणार नव्हते. मात्र नव्या मुंगशिणीला शिकवायला चार दिवस तिने यावे, अशी त्याची अपेक्षा होती.

"मग नाग कोणी मारला?" करडीने विचारले.

साळिंदराने नोंद वाचून दाखवली. "ढोलीपाशी नाग मृतावस्थेत आढळला." त्या ओळीखाली मोराच्या दक्षतेचे कौतुक होते.

पाय गेल्याचे तिला जेवढे लागले नव्हते, तेवढा तो 'आढळला' लागला. ती तटाबाहेर येऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिने ती नोंद तेवढी सांगितली, स्वतःचा एक शब्दही न घालता. संध्याकाळपर्यंत ती नोंद राज्यभर पसरली, आणि मग प्रत्येकाला आपापली नोंद आठवू लागली. गाढवांनी दगड वाहून बांधलेला तट 'उभा राहिला' होता. मुंग्यांनी भरलेले कोठार 'भरले' होते. वानरांनी विझवलेला वणवा 'विझला' होता.

सकाळी गाढवे बाहेर आली आणि करडीजवळ बसली. मग मुंग्या आल्या, वानरे आली. शिकायला आलेली नवी मुंगशीणही आली. कोणी काही मागितले नाही.

साळिंदराचे काटे उभे राहिले. आणखी कोणी जाऊ नये म्हणून त्याने फाटक लावायचा हुकूम सोडला. मग तोच हुकूम अधिक मोठ्याने सोडला.

अस्वल बाहेर, करडीच्या शेजारी बसले होते. सताड उघड्या फाटकातून वडाखालचे सात जण दिसत होते. त्यांच्यातले कोणीही उठत नव्हते.