गाठोड्याचे फडके

कापडाच्या एका व्यापाऱ्याने एकदा आपल्या तरुण मुलाला डोंगरावरच्या आश्रमात आणून सोडले आणि सर्वांदेखत सांगितले, “गुरुजी, याच्या हाताला यश नाही. गिऱ्हाईक उठून जातं, तरी याच्या तोंडून शब्द फुटत नाही.” जन्मदात्यानेच असे म्हटल्यावर पोराने जायचे तरी कुठे? निळकंठ मान खाली घालून उभा राहिला.

वृद्ध गुरुजींनी त्याला स्वयंपाकघरात नेले. उत्सवासाठी कापलेल्या अननसांच्या साली टोपलीत पडल्या होत्या. त्या धुऊन बरणीत गुळाच्या पाण्यात बुडवायला आणि वर फडके बांधायला त्यांनी शिकवले. म्हणाले, “याचा आंबट सिरका होईल, व्हिनेगर म्हणतात तो. ही बरणी तुझी.”

निळकंठाने त्या बरणीला जीव लावला. साली वर आल्या की तो त्या पुन्हा खाली दाबी. पुढे साली गाळून त्याने नुसते पाणी झाकून ठेवले. आणि एके सकाळी पाहतो तर काय, वर पांढुरकी, बुळबुळीत साय धरलेली! घरी आई लोणच्यावर पांढरे दिसले की अख्खी बरणी उकिरड्यावर रिकामी करी. बाबा म्हणतात तेच खरे, असे मनाशी म्हणत त्याने कपड्यांचे गाठोडे बांधले. मग एका हातात गाठोडे, दुसऱ्या काखेत बरणी, असा तो गुरुजींपुढे येऊन उभा राहिला.

“नासलं, गुरुजी. मी निघतो.”

गुरुजींनी वास घेतला, थेंबभर तळहातावर घेऊन चाटले आणि डोळे मिटून म्हणाले, “वा!” मग ती साय पळीने अलगद उचलून त्यांनी शेजारी गाळलेले गूळपाणी भरून ठेवलेल्या नव्या बरणीत सोडली. निळकंठ पाहतच राहिला.

“अरे वेड्या, बुरशीचे काळे-हिरवे केस उगवले असते, तर मीच फेकून दिलं असतं. हे तर सिरक्याचं विरजण! लोणच्यावर असं काही आलं तर लोणचं गेलं. इथं आलं म्हणजे सिरका लागला. तू लोणच्याच्या नजरेनं पाहिलंस. तुझ्या वडिलांनी तरी दुसरं काय केलं? दुकानात गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून तुझा सावकाशपणा त्यांना दोष वाटला. त्याच सावकाशपणानं तू ही बरणी सांभाळलीस. घायकुत्या माणसाच्या हातून हे होत नाही, बाळा.”

निळकंठाला हसू आले आणि रडूही. घर सोडल्यापासून प्रथमच त्याला मोकळा श्वास घेता आला. त्याने स्वतःच्या दोन्ही हातांकडे एकदा पाहून घेतले.

“हात काय बघतोस? ते गाठोडं सोड आधी,” गुरुजी म्हणाले. “नव्या बरणीला फडकं हवंय.”

निळकंठाने कपडे परत खुंटीवर टांगले, फडके स्वच्छ धुऊन वाळवले आणि बरणीच्या तोंडाला घट्ट बांधले.