देवीची झोप आणि नगाऱ्याच्या टिपऱ्या

दोष मानकरी आबाचा होता. पावसाचा नव्हता, तळ्याचा नव्हता, देवीचा तर नव्हताच. हे आधी ऐकून ठेवा, कारण ही गोष्ट जुनीपुराणी आहे आणि जुन्या गोष्टींत म्हातारी माणसं नेहमी सुटतात.

त्या गावात डोंगराच्या कुशीत देवीचं देऊळ होतं. नवरात्र बसण्याआधी देवी आठ दिवस झोपते, अशी तिथली रीत. त्या आठ दिवसांत गावात वाद्य वाजवायचं नाही. देवळातल्या नगाऱ्याच्या दोन टिपऱ्या मानकऱ्याच्या ताब्यात असत. देवी उठली की तो त्या टिपऱ्या गुरवाच्या हातात देई. दुसऱ्या कशानं बडवला तर नगारा लांबवर घुमत नसे.

या गोष्टीच्या तीन वर्षं आधी एका गरीब कुणब्याला याच दिवसांत नातू झाला. आनंदाच्या भरात त्यानं परात बडवली. आबानं त्याला भर गावासमोर देवळाच्या पायरीवर नाक घासायला लावलं. बाकीचे म्हातारे माना डोलवत बसले. माना डोलवायला काय लागतं?

गोष्ट घडली त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडला. झोपेच्या सहाव्या दिवशी ऊन आलं, तशा गावातल्या बाया गोधड्या धुवायला खालच्या ओढ्यावर गेल्या. नवरात्राआधी घरातली चिंधीन् चिंधी धुवायची, ही पण रीतच. आबाची लेक कालच माहेरी आली होती. तीही गेली.

दुपारी गुरव धापा टाकत देवळापाशी आला. आबा आणि चार म्हातारे पारावर बसले होते.

"आबा, टिपऱ्या द्या! वरच्या तळ्याचा बांध खचतोय. बाया ओढ्यात हायेत."

"आज कितवा दिवस?" आबानं विचारलं.

"सहावा."

"मग? आई उठायला अजून दोन दिवस हायेत."

"पाणी दोन दिवस थांबायचं न्हाई, आबा!"

एक म्हातारा हसला. "गुरवाचे हात शिवशिवायला लागले वाटतं."

"पळत जा अन् सांग त्यांना," आबा म्हणाला.

"ओढा अर्ध्या कोसावर. माझ्याआधी पाणी पोचंल. नगारा तेवढा तिथवर ऐकू जातो." गुरवानं हात जोडले. "आबा, आई हाय ती. लेकरं बुडताना उठवलं म्हणून कुठली आई रागावती? तुमची लेकपण तिथंच हाय."

आबाचा चेहरा उतरला. हात कमरेच्या टिपऱ्यांकडे गेला. मग त्यानं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. परात बडवणारा तो कुणबी समोरच्या ओट्यावर दोर वळत होता, त्याच्याकडेही पाहिलं. उद्या हा काय म्हणेल? स्वतःची लेक म्हटल्यावर आबाची रीत मोडली!

कुणबी दोर टाकून उठला. "आबा, द्या की वो. मी काय बी म्हणायचो न्हाई."

ते एक वाक्य आबाला जास्तच झोंबलं. ज्याचं नाक घासलं, त्यानं मोठेपणा दाखवायचा?

"देवी राखील," आबा म्हणाला आणि टिपऱ्या धोतरात आणखी घट्ट खोचल्या.

चारही म्हाताऱ्यांना कळत होतं. तरी "तुम्ही म्हणाल तसं, आबा," एवढंच पुटपुटले.

गुरव आणि कुणबी जीव खाऊन पळाले, ओरडत पळाले. वरच्या वळणावरच्या बायांनी ऐकलं, त्या हातातलं टाकून काठावर चढल्या. खालच्या डोहावर चौघी होत्या. गोधड्या आपटण्याच्या आवाजात त्यांना हाक ऐकू गेली नाही. पाणी आलं.

दोन दिवसांनी देवी उठली. आबानं रीतीप्रमाणे टिपऱ्या पुढं केल्या. गुरवानं हात मागं घेतला. म्हणाला, "आता कुणाला ऐकवायचं?"

त्या नवरात्रात एकही बाई ओटी भरायला देवळाची पायरी चढली नाही. म्हातारे म्हणाले, देवीची मर्जी. देवीच्या माथी मारायला यांना लाज वाटली नाही.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: माणूस वाचवायला जी रीत मोडता येत नाही, ती देवाची नसते, कुणाच्या तरी मिजाशीची असते.

आबाला एकच लेक होती. चौथ्या दिवशी तीन कोस खाली सापडली.